एक वीज, दोन धडे

जुलै महिना, कोकणातली शाळा आणि विज्ञानाच्या बाई हातात कंगवा घेऊन उभ्या. टेबलावर कागदाचे कपटे. बाईंनी कंगवा आपल्या केसांवरून दहा वेळा फिरवला, कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म. मग वर्गात तेल न लावलेलं डोकं शोधायची मोहीम निघाली. असं डोकं एकच सापडलं, पण त्यावरूनही काही होईना. शेवटी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘कपटे कंगव्याकडे आकर्षित होतात’, आणि आम्ही ते निमूट वहीत उतरवून घेतलं. पुढे बऱ्याच वर्षांनी नागपुरात राहायला गेलो. जानेवारीतल्या एका रात्री दिवा मालवून स्वेटर काढला, तर चट्‌चट् आवाज आणि निळसर ठिणग्या. बाईंचा प्रयोग यशस्वी झाला म्हणायचा, फक्त जरा उशिरा आणि आठशे-नऊशे किलोमीटर पलीकडे.

शाळेतल्या त्या वर्षीच्या पुस्तकात आधी ‘स्थितिक विद्युत’ येऊन गेली आणि नंतर ‘विद्युत परिपथ’ आला. पहिल्या धड्यात कंगवा, फुगा, काचेची कांडी आणि रेशमी कापड. दुसऱ्यात घट, बल्ब, कळ. दोन्हींचं नाव वीज, पण एकीचा दुसरीशी संबंध काय, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कंगव्याची वीज म्हणजे गंमत आणि बटणाची वीज म्हणजे काम, अशी वाटणी डोक्यात पक्की झाली. आजही बहुतेकांच्या डोक्यात ती तशीच असते. माझ्या मते विजेबद्दलचे आपले निम्मे गोंधळ या वाटणीतून निघतात. विज्ञानाने ती कधीच मोडली आहे; शिकवण्यात मात्र ती अजून जिवंत आहे.

आपल्या भाषेला या बाबतीत एक फुकटचा फायदा मिळाला आहे. आभाळात कडाडते तीही वीज आणि बिल येतं तीही वीज. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२मध्ये पतंग उडवून जे दाखवायचा खटाटोप केला, ते आपण शब्दातच धरून बसलो आहोत. युरोपातला शब्द मात्र घासण्यावरून आला. ग्रीकांच्या भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर, झाडाच्या चिकाचा दगड झालेला पिवळा खडा. तो लोकरीवर घासला की काडीकचरा ओढतो. हे आपल्याकडेही ठाऊक होतं. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात आणि फारसीतल्या ‘कहरुबा’चा अर्थही गवत पळवणारा असाच आहे. नाव पडलं, पण पुढची दोनेक हजार वर्षं गवत पळवण्यापलीकडे गाडी सरकली नाही.

१६००मध्ये विल्यम गिल्बर्टने दाखवलं की असं ओढणारे पदार्थ पुष्कळ आहेत आणि त्यांचं ओढणं लोहचुंबकाच्या ओढण्याहून वेगळं आहे. ऑटो फॉन गेरिकने गंधकाचा गोळा फिरवून घासायचं यंत्रच केलं. पण या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो स्टीफन ग्रे. हा मूळचा रंगारी, कपडे रंगवणाऱ्या घरातला. १७२९मध्ये तो काचेची नळी घासून बसला होता. धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाला बूच लावलं होतं. त्याच्या लक्षात आलं की पीस नळीकडे नव्हे, बुचाकडे धावतंय. बूच तर त्याने घासलंच नव्हतं. मग बुचाला काडी, काडीला दोरा, असं करत त्याने ही ओढ किती लांब नेता येते ते पाहायला सुरुवात केली. मित्राच्या घरात शेकडो फूट दोरा रेशमाच्या धाग्यांनी टांगला. चाललं. एकदा वजनाने रेशीम तुटलं, तेव्हा त्याजागी तितकीच बारीक पण मजबूत म्हणून पितळेची तार वापरली आणि सगळा खेळ बंद पडला. दोऱ्यातली वीज पितळेतून निसटून इमारतीत जात होती. धागा बारीक आहे की जाड, याला महत्त्व नाही. तो कशाचा आहे, याला आहे. वाहक आणि विसंवाहक हे दोन शब्द आपण पाठ करतो, त्यांचा जन्म हा असा एका तुटलेल्या धाग्यातून झाला.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. ग्रेने घासून मिळवलेली वीज दोऱ्यातून वाहवली होती. बॅटरी यायला अजून ७१ वर्षं होती. म्हणजे ‘स्थिर’ विजेचा पहिला मोठा शोध हा ती स्थिर राहत नाही, याचाच होता.

१७३३मध्ये फ्रान्सच्या शार्ल द्यु फे याला दिसलं की वीज दोन तऱ्हेची आहे: घासलेल्या काचेची आणि घासलेल्या राळेची. सारख्यांचं जमत नाही, वेगळ्यांचं जमतं. फ्रँकलिनने हिशेब सोपा केला. एकाच्या अंगावर जास्त झाली ती धन, दुसऱ्याकडे कमी पडली ती ऋण. नवीन काही निर्माण होत नाही, फक्त इकडची तिकडे जाते. छापखान्याचा धंदा केलेल्या माणसाला जमाखर्चाची भाषा सुचावी, हे साहजिकच. हा जमाखर्च आजही अक्षरशः खरा आहे. एकूण प्रभार बदलत नाही. मात्र कोणाला धन म्हणायचं, हे त्याने अंदाजाने ठरवलं आणि अंदाज चुकला. १८९७मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला, तेव्हा कळलं की तारेतून धावतात ते ऋण बाजूचे कण. म्हणून आपल्या आकृत्यांत धारेचा बाण एकीकडे आणि इलेक्ट्रॉनचा दुसरीकडे असतो. परीक्षेत यावर गुण जातात. वायरमनचं मात्र यावाचून कधी काही अडलं नाही.

आता घासण्याकडे परत येऊ, कारण या विषयातला सगळ्यात जुना प्रयोग हाच सगळ्यात कमी समजलेला आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की घासल्याने एका वस्तूवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. धातूंच्या बाबतीत हे ठीक. पण प्लास्टिक, रबर, लोकर यांत इलेक्ट्रॉन जागेवर जखडलेले असतात. ते उठून कसे जातात? की इलेक्ट्रॉन जातच नाहीत, पृष्ठभागावरच्या ओलाव्यातले आयन जातात? की वस्तूचे सूक्ष्म कपचेच आपला प्रभार घेऊन पलीकडे चिकटतात? तिन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की स्पर्शानंतर ज्या पृष्ठभागाला आपण सरळ ‘ऋण’ म्हणतो, त्यावर प्रत्यक्षात धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी असते. आपण मोजतो ती फक्त त्यांची वजाबाकी. आणि एकाच पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांना लावले तरी प्रभार येतो, हे तर फारच अवघड जागेचं दुखणं. २०२५मध्ये ऑस्ट्रियातल्या एका संस्थेच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक सुरेख निरीक्षण मांडलं. सिलिकोनचे हुबेहूब तुकडे घेतले, तर सुरुवातीला कोण धन आणि कोण ऋण होईल याचा काही नेम नव्हता. पण सुमारे २०० वेळा स्पर्श झाल्यावर शिस्त आली: ज्याने जास्त स्पर्श अनुभवले, तो कमी अनुभवलेल्यापुढे ऋण होऊ लागला. म्हणजे तुकड्याला आपला इतिहास आठवतो. कोणता पदार्थ कोणाशी घासला की काय होईल, याच्या याद्या दोन-अडीचशे वर्षं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या का आल्या, याचं थोडं तरी उत्तर यात असावं.

बाईंचा कंगवा का फसला, याचं उत्तर मात्र पक्कं आहे. पावसाळ्यात हवाच वीज पिऊन टाकते असं आपण म्हणतो, पण खरा चोर हवेत नसतो, वस्तूच्या अंगावर असतो. दमट दिवसांत प्रत्येक गोष्टीवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि त्यावरून प्रभार सरपटत निघून जातो. प्रभार तयार होतो, टिकत नाही. सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट राखतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. कोरड्या हवेत तंतू एकमेकांना ढकलतात, धागा फिसकारतो, तुटतो. कृत्रिम धाग्याला हा त्रास कापसाच्या धाग्याहून जास्त. मुंबईत गिरण्या फोफावल्या, त्यात समुद्राच्या ओल्या हवेचाही हात होता. जी हवा बाईंच्या प्रयोगाची वैरीण, तीच मागावरच्या धाग्याची सोबतीण.

आता आकड्यांकडे. स्वेटर काढून दाराच्या कडीला हात लावताना तीन मिलिमीटर लांब ठिणगी उडाली, तर आपल्या अंगावर साधारण १०,००० व्होल्ट होते असं समजायचं, कारण हवेतून ठिणगी पडायला सेंटिमीटरमागे तीसेक हजार व्होल्ट लागतात. घरात २३० व्होल्ट असतात आणि ते माणूस मारतात. मग १०,००० व्होल्ट घेऊन आपण ‘आई गं’ म्हणून हसतो कसे? कारण व्होल्ट म्हणजे दाब, माल नव्हे. आपलं शरीर प्रभार साठवायला फार लहान भांडं आहे; १०,००० व्होल्टला त्यात जेमतेम एक कूलोमचा दहा लाखावा भाग मावतो. इलेक्ट्रॉन मोजले तर ते सहा लाख कोटी भरतात, पण ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब एवढा प्रभार एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपट वेळात रिचवतो. स्वेटरची अख्खी वीज तेवढीच. दाब प्रचंड, माल चिमूटभर.

आणि आभाळातली वीज? तिच्यात साधारण वीसेक कूलोम प्रभार जमिनीवर येतो. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी दोनदा तपासला, कारण तोच ६० वॉटचा बल्ब एवढा प्रभार मिनिट-सव्वा मिनिटात वाहवतो. पण आभाळ हे काम डोळ्याचं पातं लवण्याच्या आत, कोट्यवधी व्होल्टच्या दाबाने करतं. एकेका झोताची धारा ३०,००० अँपिअरच्या घरात जाते आणि वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या काही पट तापते. ढगात हा प्रभार साचतो कसा? गारांचे मऊ गोळे आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटून. म्हणजे पुन्हा तेच, स्पर्श आणि घासणं, आणि तिथेही तपशिलावरचे वाद मिटलेले नाहीत. १७५३मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान हा प्राध्यापक छपरावरच्या सळईतून घरात आणलेली ढगाची वीज मोजत होता. सळई जमिनीला जोडलेली नव्हती. वीज आली, त्याच्या कपाळावर उतरली, तो जागीच गेला. भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, त्यातली बरीचशी शेतात, झाडाच्या आडोशाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं मोबाइल अॅप काढलं आहे. आसपास वीज कोसळण्याचा धोका असला की ते इशारा देतं. ज्यांना त्याची सगळ्यात गरज, त्यांचा मोबाइल वळवाच्या वेळी खिशात असतो की घरी चार्जिंगला, हा प्रश्न उरतोच.

दाब आणि माल यांचा फरक मायकेल फॅरडेने १८३३मध्ये फार देखण्या रीतीने मांडला. तेव्हा वादच होता: घासून होते ती वीज, बॅटरीतली वीज, चुंबकातून निघते ती, काही माशांच्या अंगात असते ती, या सगळ्या एक की वेगवेगळ्या? फॅरडे वकिलासारखा एकेक लक्षण घेऊन बसला. ठिणगी पडते का, सुई हलते का, रसायन फुटतं का, झटका बसतो का, आणि प्रत्येक विजेकडून प्रत्येक काम करवून घेतलं. मग तुलना केली. एक प्लॅटिनमची आणि एक जस्ताची बारीक तार, पाण्यात ॲसिडचा एक थेंब टाकून त्यात अर्ध्या इंचाहून जरा खोल बुडवली. तीन सेकंदांहून किंचित जास्त वेळात त्यातून जेवढी वीज मिळाली, तेवढी एका प्रचंड घर्षणयंत्राची चकती ३० वेळा फिरवून भरलेल्या लायडन बरण्यांत होती. बरण्यांची वीज अंगातून गेली तर माणूस कोलमडेल. तारांची जिभेवर घेतली तर नुसती चव लागेल. तरी माल तोच आणि तेवढाच. या प्रकरणात खरं तर त्यानंतर दोन धडे उरायलाच नको होते.

लायडन बरणी म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, १७४५-४६च्या सुमाराला सापडलेली. आजच्या पंख्यातल्या कपॅसिटरची पणजी. तिच्याशी एक प्रसंग जोडलेला आहे. १७४६मध्ये आबे नोले याने फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपाई हातात हात घालून उभे केले आणि बरणीची वीज या टोकाकडून त्या टोकाकडे सोडली. १८०ही एकदम उडाले. पहिला आधी, शेवटचा नंतर असं नाही, एकदम. आणि एकाने हात सोडला असता तर कोणालाच काही झालं नसतं. परिपथ म्हणजे काय, एकसर जोडणी म्हणजे काय, हे सगळं या कवायतीत आहे. राजाला बहुधा फक्त गंमत दिसली.

१८००मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि प्रथमच न थांबता वाहणारी वीज मिळाली. हा बदल दाबाचा नव्हता. व्होल्टाच्या चळतीचा दाब घर्षणयंत्रापुढे अगदीच किरकोळ. तिचं वैशिष्ट्य असं की एक चमचा काढला की आतली रासायनिक क्रिया दुसरा भरून ठेवते. बरणी रिकामी होते, चळत होत नाही. निदान जस्त संपेपर्यंत नाही. आपला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल याच घराण्यातला.

परिपथ समजला आहे की नाही हे पाहायचं असेल तर एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा घ्या. दोन नव्हे, एक. होल्डर नाही. बल्ब पेटवा. १९९७मध्ये अमेरिकेत केलेल्या एका माहितीपटात नामवंत विद्यापीठातून त्याच दिवशी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना, अंगावर झगे असतानाच, हे करायला सांगितलं होतं. त्यातले कित्येक अडकले. मी घरच्या पाहुण्यांवर हा प्रयोग करतो. चहा होईपर्यंत वेळ छान जातो. बहुतेक जण वायरचं एक टोक सेलच्या नाकाला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट पाहतात. नळाला पाइप लावला की पाणी येतं, तशी वीज येईल असं मनात असतं. बल्ब हातात घेऊन बारकाईने पाहिला की उलगडा होतो. आतल्या तारेचं एक टोक बुडाच्या शिशाच्या टिकलीला जोडलेलं असतं, दुसरं बाजूच्या आट्यांच्या पितळी गळ्याला. बल्ब म्हणजे विजेचा शेवट नव्हे, वाटेतलं गाव आहे. टिकली सेलच्या नाकावर टेकवा, वायरचं एक टोक सेलच्या सपाट बुडाला, दुसरं पितळी गळ्याला. पेटला.

यातून दुसरा गैरसमज उघडा पडतो: बल्ब वीज ‘खातो’ आणि परतीच्या तारेतून उरलीसुरली जाते. तसं नाही. जेवढी धारा आत जाते, तेवढीच बाहेर येते. बल्ब खातो ती ऊर्जा. हे तुमच्या घरात एक यंत्र रोज पडताळून पाहत असतं. मीटरजवळच्या बोर्डात ‘टेस्ट’ असं छोटं बटण असलेला आरसीसीबी असतो (असावा, निदान). तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली की समजतो, काही वीज वाट सोडून कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जातेय, आणि पापणी लवायच्या आत पडतो. धारा वाटेत खाल्ली जात असती तर हे यंत्र पहिलाच दिवा लावताना पडलं असतं.

तिसरा गैरसमज वेगाचा. बटण दाबताच दिवा लागतो म्हणून वाटतं इलेक्ट्रॉन सुसाट येत असणार. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असेल, तर इलेक्ट्रॉनची पुढे सरकण्याची चाल तासाला वीत-सव्वा वीत भरते. गोगलगाय पुढे निघून जाईल. आणि घरातला पुरवठा तर सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्यात ते पुढेही जात नाहीत, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात जागच्या जागी झुलतात. शिवाय कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांचा तारेने संबंधच नसतो. तेव्हा वीज कंपनी आपल्याला इलेक्ट्रॉन पुरवते हा समज सोडून द्यावा. ते आपणच वायरच्या गुंडाळीबरोबर दुकानातून विकत आणलेले असतात. कंपनी त्यांना हलवते आणि हलवण्याचे पैसे घेते.

मग प्रश्न उरतो: या मंद इलेक्ट्रॉनांना कोण सांगतं की आता निघा, इथे वळा, या कोपऱ्यातून बाहेर पडा? तार वेडीवाकडी असते, गाठी मारलेली असते, तरी धारा निमूट तिच्या आतून जाते. शाळेत हा प्रश्न कोणी काढत नाही, आणि नेमका इथेच पहिला धडा दुसऱ्याच्या पोटात सापडतो. बटण दाबताच तारेच्या पृष्ठभागावर जागोजाग थोडाथोडा प्रभार साचतो: सेलच्या एका टोकाजवळ धन जास्त, पुढे कमी कमी होत जाणारा, दुसऱ्या टोकाजवळ ऋण. वळणावर वेगळा, बल्बच्या बारीक तारेच्या तोंडाशी वेगळा. हा साचलेला, न हलणारा प्रभारच तारेच्या आत इलेक्ट्रॉनांना ढकलणारं क्षेत्र तयार करतो. कंगव्यावरचा तोच प्रभार, तसंच ओढणं-ढकलणं. सेल ही मांडणी टिकवून ठेवतो, एवढंच. आणि ही मांडणी जवळपास प्रकाशाच्या वेगाने होते, म्हणून दिवा लगेच लागतो. किती प्रभार लागतो याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे: तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा काटकोनात वळवायला वळणावर साधारण एका इलेक्ट्रॉनएवढा. एक! १९६२मध्ये ओलेग येफिमेंको या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने हे डोळ्यांना दाखवलं. काचेवर वाहक शाईने परिपथ रंगवला, त्याला भरपूर व्होल्ट दिले आणि वर गवताचं बी भुरभुरलं. बी रांगेत उभं राहिलं, परिपथाच्या आतही आणि बाहेरही. तृणमणीच्या काळापासून गवत हेच या शास्त्राचं पहिलं उपकरण. ते असं अडीच हजार वर्षांनी पुन्हा कामाला आलं.

एकसर आणि समांतर जोडणीबद्दल पुस्तकं पुरेसं बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. गणपतीच्या मखरावरची जुनी माळ म्हणजे एकसर जोडणी: सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एका रांगेत, २३० व्होल्ट सगळ्यांनी वाटून घेतलेले. एक गेला की सगळी माळ काळी, आणि मग आरतीच्या आधी एक चांगला बल्ब हातात घेऊन एकेकाच्या जागी लावून पाहत बसायचं. घराचं वायरिंग समांतर, म्हणून फ्रिज बंद केल्याने पंखा थांबत नाही. समांतरची गोम मात्र लोकांना उशिरा कळते: जितकी उपकरणं वाढवाल, तितक्या वाटा वाढतात, एकूण रोध घटतो आणि मुख्य तारेतली धारा वाढत जाते. २,००० वॉटचा हीटर आणि १,००० वॉटची इस्त्री एका मल्टीप्लगवर लावली की १३ अँपिअर झाले. साधा सॉकेट सहाचा असतो. बोर्ड काळा पडतो तो असा. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये ‘सारखा उडतो’ म्हणून जाड तार गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. उडणं हेच त्याचं काम होतं.

दाब, धारा आणि रोध यांचं हे नातं ज्याने सूत्रात बांधलं, तो गेओर्ग ओम कोलोनमध्ये शाळामास्तर होता. १८२७च्या त्याच्या पुस्तकाला मायदेशात फार थंड स्वागत मिळालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे त्याचे दिवस पालटू लागले. गंमत म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज विक्षिप्ताने हे आधीच बरंचसं काढलं होतं, तेही मोजायला यंत्र नसताना. तो लायडन बरणीचा झटका वेगवेगळ्या द्रावणांतून स्वतःच्या अंगात घ्यायचा आणि कोणता झटका कोणाएवढा, हे मनगटाच्या अनुभवावरून ठरवायचा. छापायचं मात्र त्याला सुचलं नाही. ते काम १८७९मध्ये मॅक्सवेलने केलं. आणि ओमचा नियम अढळ आहे असंही समजू नका. थंड बल्बच्या तारेचा रोध पेटलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, म्हणून जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच जायचे. एलईडी तर हा नियम जुमानतच नाही.

स्थिर विजेला नुसती गंमत समजणाऱ्यांनी एखाद्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरांड्याकडे पाहावं. कोळशाची राख चिमणीतून बाहेर पडण्याआधी उच्च दाबाच्या तारांमधून नेतात. कणांवर प्रभार बसतो आणि ते बाजूच्या पत्र्यांना चिकटतात. अधूनमधून पत्र्यांना हातोडे मारून राख खाली पाडतात. आपल्या घरची वीज जिथे तयार होते, तिथे कंगवा आणि कपट्यांचा खेळ टनांच्या हिशेबात रात्रंदिवस चालू असतो. झेरॉक्स हेही त्याच खेळाचं दुसरं रूप: चेस्टर कार्लसनने १९३८मध्ये पहिली प्रत काढली, ती गंधकाचा थर दिलेली पत्री रुमालाने घासून.

आमच्याकडे येणाऱ्या वायरमनकाकांनी हे काही वाचलेलं नाही. परवा स्वयंपाकघरातला सॉकेट बदलायला आले, तेव्हा मी त्यांना उगाच विचारलं, ‘काका, टेस्टर पेटतो, तर परतीची वायर कुठंय?’ ते लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला. टेस्टरच्या मागच्या टोपीवर अंगठा, पुढचं टोक फेजच्या भोकात, आतला निऑन मंद केशरी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘आपलं अंगच की!’

बरोबर होतं, पण अंगातून पुढे कुठे? स्टूल लाकडाचं, चपला रबराच्या, जमिनीपर्यंत धड वाट नाही. ती धारा जमिनीत उतरतच नव्हती, निदान पुस्तकातल्यासारखी नाही. काकांचं अंग हा बरणीचा आतला पत्रा, जमीन आणि भिंती हा बाहेरचा, मध्ये हवा आणि रबर. सेकंदाला ५० वेळा ते धन प्रभाराने भरत होतं आणि ५० वेळा ऋण. भरता-रिकामं होताना जी काही मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागांतली धारा टेस्टरमधून ये-जा करत होती, तिच्यावर तो निऑन पेटत होता. हे मी सांगू लागलो, तर काका म्हणाले, ‘ते असू दे, आधी मेन बंद करा.’